एका ओळीचा पुठ्ठा

बनसोडे रावसाहेबांकडे एक पुठ्ठा होता, मधोमध एका ओळीएवढी खाच पाडलेला. मोठ्या दुष्काळात येरमाळ्याजवळ सरकारने उघडलेल्या खडी केंद्रावर ते अधिकारी होते, मी हजेरी कारकून. अंगठा घेताना ते हजेरीपटावर पुठ्ठा ठेवत. माणसाला फक्त स्वतःची ओळ दिसे. चांगल्या घरच्या बायकाही पदराने तोंड झाकून खडी फोडायला येत. म्हणून नावाऐवजी नंबर पुकारायचा, असा त्यांचा हुकूम. "पोटासाठी आल्यात. गावाला कशाला कळाया पायजे?"

गावच्या शेतकी सोसायटीच्या चेअरमनला ती नावं हवी होती. निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या शेतकऱ्याची बायको खडी फोडते, अशी त्याला कुणकुण होती. रावसाहेबांनी त्याला दारातूनच परतवलं. "कलेक्टरचा कागद आणा. तरीबी आधी त्या बाईला इचारीन."

मग तो माझ्याकडे आला. माझ्या भावाला साखर कारखान्यात चिकटवतो म्हणाला. मी यादी उतरवून दिली.

भर सभेत त्याने ती वाचली. "बायको खडी फोडतीय आन् हे निघाले सोसायटी चालवाया!" लोक हसले. ती बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. त्या घरची चूल कशी पेटली, हे विचारायलाही मी गेलो नाही. चौकशीत रावसाहेब एवढंच म्हणाले, "हजेरीपटाच्या पेटीची किल्ली माझ्याकडं व्हती." त्यांची लांब बदली झाली, बढती कायमची अडली. माझा भाऊ कारखान्यात लागला.

चेअरमन बाजारात माझ्या खांद्यावर हात टाकायचा. "आपला माणूस!" त्या हाताचा सूड मी वर्षानुवर्षं मनात घोळवला.

पुढच्या दुष्काळात संधी आली. चेअरमनची खुर्ची गेली होती, विहीर आटली होती. त्याची बायको तोंड झाकून माझ्याच केंद्रावर आली. नंबर सत्तावीस. मी सायकल हाणत कळंबला, निवृत्त रावसाहेबांकडे गेलो. "रावसाहेब, आता चेअरमनच्या बायकोचं नाव मी वाचतो सभेत. तुमचाही वचपा निघेल."

ते शेंगा फोडत बसले होते. "वचपा मलाबी पायजे. लई वर्सं जळतोय मी. पण शिंदे, खडी कोण फोडतंय? चेअरमन?"

त्यांनी आणखी एक शेंग फोडली.

"आन् तवाची यादी कुणाच्या अक्षरात व्हती, ते मी बघितलं व्हतं. कुणाला सांगितलं का?"

त्यांनी आतून पुठ्ठा आणून माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी "सत्तावीस" पुकारलं. पदराआडून "हाय" आलं. पुठ्ठा ठेवून, दात खाऊन मी अंगठा घेतला.

रावसाहेब आता नाहीत. चेअरमनचं नाव लिहायला माझा हात आजही शिवशिवतो. पण लिहिलं तर सत्तावीस नंबरची बाई उघडी पडेल. यादी देणाऱ्याचं मात्र लिहितो. दत्तात्रय गोविंद शिंदे, हजेरी कारकून.