थोरल्या जावेचं दुखणं

रहिमतपूरच्या राजेश्वरीला थोरल्या जावेचा, बनुबाईचा, हेवा वाटायचा तो दागिन्यांचा नव्हे, मानाचाही नव्हे. दुखण्याचा.

बनुबाईच्या कंबरेत कळ उठायची आणि दोन्ही पायांत उतरायची. विहिरीपर्यंत चाललं की पोटऱ्या जड व्हायच्या. मग ती बांधावर वाकून बसायची आणि जरा वेळानं हसत उठायची. घरात तिच्यासाठी वेताची खुर्ची आली. तिचा नवरा भाऊसो फौजेतून आलेला कडक माणूस, पण तोही बायकोच्या हातात चहा नेऊन द्यायला लागला.

"बसली की दुखत न्हाई, चालली की दुखतंय. असलं सोयीचं दुखणं आमाला न्हाई गावत," राजेश्वरी नवऱ्यापाशी फणकारायची. जोतीराम कूस बदलायचा.

दुखत तर तिचंही होतं. डाव्या कुल्ल्यापासून नडगीच्या बाहेरच्या अंगानं पार अंगठ्यापर्यंत, तापली तार ओढावी तसं. पण तिचं सगळं उलटं. बसलं की जीव जायचा, खोकलं की डोळ्यांपुढं काजवे. उभं राहिलं की जरा बरं. म्हणून ती दिवसभर उभीच राबायची, आणि राबणाऱ्या बाईला कोण विचारतंय? त्यात हल्ली कळ थांबली होती, पाऊल नुसतं बधिर वाटायचं. म्हणजे आता सांगायलाही काही उरलं नव्हतं.

बनुबाईला साताऱ्याला न्यायचं ठरलं, तेव्हा सोबतीला तीच गेली.

डॉक्टरीणबाई एकेक विचारत होत्या. "चालताना दुखतं की बसल्यावर? वाकल्यावर बरं वाटतं? लघवीचा काही त्रास? बसायच्या जागी बधिरपणा?" मागं उभी राजेश्वरी मनातल्या मनात स्वतःची उत्तरं देत होती.

"सायटिका सगळ्यांची सारखी नसते," बाई म्हणाल्या. "यांच्या मणक्यातली वाट अरुंद झालेली दिसते. चाललं की नसा आवळतात, वाकलं की मोकळ्या होतात. गादी सरकलेल्या माणसाला उलट बसल्यावर, खोकल्यावर जास्त दुखतं."

म्हणजे थोरलीचं खरंच दुखत होतं तर! राजेश्वरीला वाटलं, नाटक असतं तर सोसलं असतं.

तेवढ्यात बनुबाई म्हणाली, "बाई, हिला बी बघा की. जिन्यात हिची चप्पल पायातनं निघाली, तर हिला पत्ताच न्हाई. घरात बी पाऊल फरफटतीया."

"माझ्यावर पाळत ठेवता व्हय आक्का?" राजेश्वरी लालबुंद झाली.

"खुर्चीत बसून दुसरं काय करू? तुलाच बघत असती."

डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवलं. "डाव्या पायाचा अंगठा वर ओढा." राजेश्वरीनं ओठ चावून जोर लावला. अंगठा हलेना.

"कळ कधी थांबली?"

"मागल्या आठवड्यात. आता बरं हाय."

"बरं नाही. नस पार दबलीय, म्हणून कळही थांबली आणि पायातली ताकदही गेली. आता वाट बघायची नाही."

एमआरआयचे फोटो काढले, गादी सरकलेली निघाली आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. पाऊल हळूहळू सुधारेल, पण पुरतं सुधारेलच असं नाही, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

घरी आल्यावर जोतीराम चहा करून द्यायला लागला. दिवसातनं दोनदा पाय चोळून द्यायचा. भाऊसोसुद्धा दारात येऊन "कसं हाय?" विचारून जायचा. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

पण भाकऱ्या आता बनुबाई थापत होती. थोडं उभं राहायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. बघायला आलेल्या बायका राजेश्वरीच्या उशाशी बसून स्वयंपाकघराकडं मान वळवायच्या. "बनुबाईचं कवतिक हाय बाई. सोताचं एवढं दुखणं, तरी जावेचं करतीया."

राजेश्वरी भिंतीकडं तोंड करून पडायची.

एका दुपारी बनुबाई ताट घेऊन आली. "उठ. गरम हाय तवर खा."

राजेश्वरीनं भाकरी मोडली. "जाड झालीया, आक्का."

"व्हय? मग लवकर बरी हो, आन् पातळ करून घाल मला," बनुबाई म्हणाली आणि कंबरेवर हात ठेवून तिथंच, तिच्या पायथ्याशी टेकली.