पिल्लं खायला लागेपर्यंत

बातमी आली तेव्हा मी जवाहर चौकात एका औषधाच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी ड्रॉपर मागत उभी होते. दुकानदाराने विचारलं, "कितने महीने का बच्चा है, आंटी?" मी म्हटलं, "महीने का नहीं, हफ्तेभर का. और बच्चा नहीं, बिल्ली का." तो हसला आणि तेवढ्यात फोन वाजला. माझा पुतण्या निखिल हॉस्पिटलमधून बोलत होता. "मोठी आई..." एवढंच म्हणाला आणि थांबला. शैला गेली होती. त्याची आई, माझी धाकटी जाऊ. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी कुठे सरकली नाही. मी ड्रॉपर घेतला, रिक्षा केली, आणि मिसरोद येईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं, की घरी गेल्यावर आधी हा ड्रॉपर उकळून घ्यायला हवा.

जावा जावा, उभा दावा, असं आपल्याकडे म्हणतात. आम्ही दोघींनी ते खरं करण्यात काही कसर ठेवली नाही. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही सरकारी नोकरीत, नागपूरहून भोपाळला आले ते इथलेच झाले. मी आधी आले, ती माझ्यानंतर. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिच्या तोंडावर म्हणायची. ती म्हणायची, "मी तिखट नाही ताई, तुमच्या भाजीतच मीठ कमी असतं." रिटायर झाल्यावर दोघा भावांनी मिसरोदला एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट घेतले. भांडायला जायचं तर पायात चप्पलसुद्धा घालावी लागत नसे. मग भाऊजी गेले, निखिल पुण्याला नोकरीला लागला, आणि समोरच्या फ्लॅटमध्ये शैला आणि तिची मांजरं उरली.

तिची म्हणायचं, पण ती ठेवून कधीच घेत नसे. कुठे मांजरी मेली, पिल्लं उघड्यावर पडली, की कॉलनीतले लोक खोकं घेऊन थेट तिच्या दारात. ती त्यांना जगवायची, आणि खायला लागली की देऊन टाकायची. एकदा एम. पी. नगरच्या एका कोचिंगमधल्या मॅडम दोन पिल्लं घेऊन गेल्या, तेव्हा मी विचारलं, वाईट नाही वाटत गं तुला? तर म्हणाली, "खायला लागलं की आपलं काम संपलं, ताई. त्यानंतर थांबलो तर ते आपल्यासाठी, त्यांच्यासाठी नाही." आमच्या सासूबाई म्हणायच्या, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. शैला हसून म्हणायची, "फिरवेल नाही तर काय करेल? तुम्ही येता-जाता टोपलीत डोकावता, ती घाबरते. दोन दिवस कुणी बघू नका, मग सांगा." सासूबाईंनी हट्टाने बघितलं नाही, आणि मांजरी जागची हलली नाही. आमचं खरं वाजलं ते कोंबडीवरून. आमच्या घरात अंडंही येत नाही, आणि ही बया स्वतः शाकाहारी असून मांजरांसाठी वेगळ्या पातेल्यात कोंबडी उकडायची. मी कितीतरी दिवस तिच्या घरचं पाणी प्यायले नाही. "दूध-पोळीवर मांजर जगतं ताई, वाढत नाही," असं ती म्हणायची, आणि मी दार लावून घ्यायची.

शेवटची ही दोन पिल्लं. एक भुरं, एक काळं. त्यांची आई होशंगाबाद रोडवर गाडीखाली आली. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. त्याच आठवड्यात शैलाच्या छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी ॲडमिट व्हायला सांगितलं, निखिल पुण्याहून आला. खाली गाडी उभी, आणि ही दाराची चौकट धरून मला पिल्लं कशी सांभाळायची ते शिकवत होती. गाईचं दूध नाही पाजायचं, हगवण लागते. पिल्लांच्या दुधाची पावडर येते, तीच. अंग गार असेल तर आधी ऊब द्यायची, मग दूध. बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध छातीत जातं, पोटावरच ठेवायचं. "आणि पाजून झालं की कोमट पाण्यात कापूस भिजवून खालून हळू पुसायचं. त्याशिवाय त्यांना सू होत नाही, ताई. आई चाटते ना, तसं. तुम्ही नाही पुसलं तर पोट फुगून मरतील." मी म्हटलं, शिव शिव, हे मी करायचं? ती म्हणाली, "खायला लागेपर्यंत फक्त. तेवढं करा." मी हो म्हटलं, कारण खाली गाडी उभी होती. तिच्याशी झालेलं माझं ते शेवटचं बोलणं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे अस्थी घेऊन नर्मदेवर गेलो. सकाळी निघताना मी पिल्लांना पाजलं, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली, तिच्या फ्लॅटला कुलूप लावलं. वाटलं होतं, दुपारपर्यंत येऊ. पण घाटावर गर्दी, मग गुरुजींचा उशीर, मग मंडीदीपला ट्रॅफिक. दिवेलागणीला परत आलो. गाडीत मला कळून चुकलं होतं की खोक्यात काय दिसणार आहे. दर तीन तासांनी लागणारं दूध दिवसभर नाही, पुसणं नाही... मी कुणाला काही न बोलता आधी मागची खोली उघडली. पिल्लं झोपली होती. हात लावला तर अंग गरम. पोटं गोल, मऊ, शेपटीखाली कोरडं आणि स्वच्छ. मी टॉवेल चाचपला. बाटली गरम होती, नुकती भरल्यासारखी. बशीत कापसाचा एक ओला बोळा होता, पिळून चपटा केलेला. माझा बोळा मी सकाळी कचऱ्यात टाकला होता, आणि मी पिळून चपटा करत नाही. शैला करायची. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. बाहेर निखिल विचारत होता, मोठी आई, चहा ठेवू का?

कुणाला सांगणार? मी स्वतःलाच समजावलं. कामवाली रेखा आली असेल. पण रेखाकडे किल्ली नव्हती. खिडक्यांना जाळ्या. असेल काहीतरी, म्हणून मी गप्प बसले, पण त्यानंतरही हे चालूच राहिलं. मला जरा उशीर झाला, डोळा लागला, पाहुण्यांमध्ये अडकले, की खोलीत जाऊन बघावं तर काम झालेलं. त्या दिवसांत नागपूरच्या वन्सं आल्या होत्या, माझी मोठी नणंद. जुन्या वळणाच्या. शैलाचा देह जिथे ठेवला होता तिथे त्यांनी दिवा लावला, बाजूला तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. पिठावर जे पाऊल उमटेल तो पुढचा जन्म. खरं सांगते, आम्हा सगळ्यांना मांजराचंच पाऊल दिसणार असं वाटत होतं. निखिलने तर तसं बोलूनही दाखवलं. सकाळी वन्संनी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं, मुंगीसुद्धा चालली नव्हती त्यावर. वन्संनी हात जोडले, म्हणाल्या, "सुटली बिचारी. आता जन्म नाही." सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पण मी तेव्हा नुकतीच मागच्या खोलीतून आले होते, आणि तिथे पिल्लांची पोटं भरलेली होती. मला वाटलं, जन्म कुठला घ्यायला, ही अजून निघालीच नाहीये. मग वन्संनी ते पीठ गोळा केलं आणि सगळ्यांचा चहा झाला.

तेरावं झालं, पाहुणे गेले, निखिलही पुण्याला गेला. जाताना दोन्ही किल्ल्या माझ्या हातात देऊन गेला. यांना मांजराच्या केसांनी शिंका येतात, म्हणून पिल्लं तिच्याच फ्लॅटमध्ये ठेवली. आता त्यांचे डोळे चांगले उघडले होते, निळसर, धूसर. लडखडत चालायला लागली होती. एक दिवस रेखा झाडू हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अम्माजी, मैं उस कमरे में झाड़ू नहीं लगाऊंगी." मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "बच्चे मुझे नहीं देखते. मेरे पीछे देखते हैं." मी तिला रागावले, आणि त्या दिवसापासून झाडू मी मारायला लागले. मग मलाही दिसलं. दोघंही खेळता खेळता थांबायची, शेपट्या उभ्या करायची, आणि दोघांची डोकी एकदम वळायची, दारापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत... सावकाश, गुडघे दुखणाऱ्या बाईच्या चालीने. खुर्चीपाशी नजर थांबली की दोघं तिथे जाऊन घुरघुर करत पुढच्या पायांनी कणीक मळल्यासारखं करायची. आईच्या पोटाशी दूध पिताना पिल्लं असं करतात, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. मऊ काही असलं की करतात. पण खुर्चीपाशी नुसती फरशी होती.

भीती वाटली का, असं कुणी विचारेल. पहिल्यांदा वाटली. पण मग, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायला लागलं. मी दुपारी तिथे जाऊन बसायला लागले. खुर्ची सोडून, खाली सतरंजीवर. कॉलनीतल्या खबरा सांगायची, यांच्या तक्रारी सांगायची, तिने माझी पुरणाची जाळी नेली ती परत केली नाही, त्यावरून बोलायची. उत्तर कधी आलं नाही. पण पिल्लं खुर्चीकडे बघत बसलेली असायची, आणि मला पुरे होतं. चाळीस वर्षं जिच्याशी भांडले, ती अशी मधूनच उठून गेली होती. निदान आता बसली तरी होती.

मग पिल्लं निपल चावायला लागली. ड्रॉपर केव्हाच सुटला होता, बाटली आली होती, आणि भुरं तर निपलचे तुकडे करायला लागलं. दात आले होते. याचा अर्थ मला ठाऊक होता. आता पसरट ताटलीत मऊ खाणं द्यायचं, कोपऱ्यात रेतीचा ट्रे ठेवायचा, खाऊन झालं की त्यात नेऊन बसवायचं, पंजाने रेती उकरून दाखवायची. मग ती स्वतःची स्वतः खातील, स्वतःची स्वतः जातील. आणि मग शैलाचं काम संपेल. मी नवीन निपल आणलं. तेही फाडलं, तर आणखी एक आणलं. दूध जरा दाट केलं. स्वतःला सांगितलं, अजून लहान आहेत, काय घाई आहे. काळ्याच्या पाठीचे मणके हाताला लागायला लागले. रेखा दारातूनच म्हणाली, "अम्माजी, इनको अब खाना दो. दूध से क्या होगा? छोटा वाला सूख रहा है." मी म्हटलं, तू तुझं काम कर. एवढं सगळं कळत होतं, आणि तरी मी बाटलीच भरत होते.

एका सकाळी काळ्याने तोंडच उघडलं नाही. मी निपल ओठांना लावलं, दुधाचा थेंब सोडला. त्याने मान फिरवली आणि खुर्चीकडे बघितलं. भुरंही तिकडेच बघत होतं. मी हातातली बाटली खाली ठेवली. खोलीत कसलाही आवाज नव्हता, पंखासुद्धा बंद होता, आणि माझ्या मानेवर काटा आला. शैला रागावली की बोलायची नाही. नुसती बघत राहायची, समोरच्याला लाज वाटेपर्यंत. मी म्हटलं, "कळलं गं. देते."

जन्मात पहिल्यांदा मी कोंबडीच्या दुकानासमोर उभी राहिले, तोंडावर पदर धरून. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्याच त्या वेगळ्या पातेल्यात, मीठ-मसाला काही न घालता ती उकडली. वासाने एकदा बेसिनपाशी जाऊन आले. मग हाडं काढून, बोटांनी अगदी बारीक करून दुधात कालवली आणि ताटली पिल्लांसमोर ठेवली. भुरं थेट ताटलीतच चढलं. काळ्याला कळेना काय करायचं. नुसता वास घेत राहिलं. मग मी ते बोटावर घेतलं आणि त्याच्या ओठांना लावलं. त्याने चाटलं. परत लावलं, परत चाटलं. त्याची जीभ खरखरीत लागली. माझ्या बोटामागोमाग तोंड नेत नेत ते ताटलीपर्यंत आलं आणि खायला लागलं. दोघं अंगभर माखून घेऊन खात होती. मी खुर्चीकडे बघितलं नाही. ट्रेमध्ये रेती घातली, दोघांना नेऊन बसवलं, आणि कुलूप लावून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर नाकाला पदर लावावा लागला. ट्रे सोडून खोलीभर घाण केली होती. त्यातच दोघं लोळली होती, कालचं खाणं अंगावर वाळून चिकटलेलं. शेकाची बाटली गार, टॉवेल ओला, ताटली पालथी. पिल्लं भुकेने ओरडत माझ्याकडे धावत आली. माझ्याकडे, माझ्या मागे कुणाकडे नाही. मी खिडकीपाशी जाऊन खुर्चीवर बसून बघितलं. कुणी उठा म्हटलं नाही. रात्रभरात त्या खोलीत कुणी आलं नव्हतं. शैला गेली, असं मी इतके दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ते मला त्या सकाळी त्या घाणीत बसून कळलं, आणि मी हुंदके देऊन रडले. पिल्लं पायाशी ओरडतच होती. त्यांना काय त्याचं. शेवटी मी उठले, पाणी कोमट केलं, जुनी साडी फाडून फडकी केली, आणि काळ्याला मांडीवर घेऊन डोळ्यांपासून पुसायला सुरुवात केली.