मामंजींच्या धोतराचं भूत

भुतं करायला पांढरं, जुनं, मऊ कापड लागतं. बाळंतपणालाही तेच लागतं. हे माझ्या वेळेवर लक्षात यायला हवं होतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता आणि आम्ही अबुधाबीत एका कंपाउंडमध्ये राहत होतो. समोरची आयरिश लिंडा दर वर्षी तिथल्या हॉलमध्ये मुलांसाठी हॅलोविनची पार्टी करायची. त्या वर्षी आमच्या ऋचाने परस्पर सांगून टाकलं, "माय मम्मी विल मेक द घोस्ट्स." आता घरात जुनं कापड असताना दुकानातून प्लॅस्टिकचं भूत आणणारी बाई मी नव्हे. विटक्या चादरी काढल्या, फाटका टेबलक्लॉथ काढला, तरी एक भूत कमी पडत होतं. तेवढ्यात कपाटाच्या वरच्या फळीवर उशीच्या अभ्र्यात कोंबलेलं एक धोतर सापडलं. इतकं मऊ, की हातातून घरंगळत होतं. (असं कापड घरात असताना मी फरशी नव्या फडक्याने पुसतेय, याचंच मला वाईट वाटलं.)

कागदाचा बोळा घालून त्याचं डोकं बांधलं. खालची कड करवतीसारखी कापली. कधीही न पुसल्या जाणाऱ्या मार्करने डोळे काढले, दात काढले आणि त्यातले दोन काळे केले. लिंडाने ते हॉलमध्ये पंख्याखाली टांगलं. वाऱ्यावर ते असं काही तरंगायला लागलं, की मी घरी येताना दोनदा वळून पाहिलं.

घरी आले तर सासूबाई चपला घालून उभ्या. शारजाहून जावयांचा फोन आला होता. माझी नणंद स्मिता हॉस्पिटलमध्ये दाखल झाली होती, दिवस भरायच्या आधीच.

"माझं बोचकं काढ गं," सासूबाई म्हणाल्या.

"कुठलं?"

"जुनेराचं. उशीच्या अभ्र्यातलं. मामंजींचं धोतर आहे त्यात."

आमच्याकडे बाळाला आधी नवं कापड लावत नाहीत. घरातल्या दीर्घायुषी माणसाच्या वापरलेल्या कापडात गुंडाळतात, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. सासूबाईंचे सासरे नव्वदी ओलांडून, शेवटपर्यंत स्वतःच्या दातांनी चकल्या फोडत गेले. त्यांच्या या धोतरात घरातलं प्रत्येक बाळ गुंडाळलं होतं, ऋचासुद्धा. (तेव्हा मी तिथेच होते, पण कापडाकडे बघायच्या अवस्थेत नव्हते.) स्मिताचं आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. म्हणून या खेपेला सासूबाई ते धोतर रत्नागिरीहून आणताना विमानात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"धुवायला टाकलंय," मी म्हटलं.

"धुतलेलंच होतं."

"परत टाकलंय. काढून घेते बरोबर."

तेवढ्यात ऑफिसातून हे आले. "यल्ला, निघूया. गुरुवारचं ट्रॅफिक आहे, उद्या सुट्टी." मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि काय झालं ते सांगितलं.

"तू आजोबांचं भूत केलंस?"

"हळू बोला."

"खलास," हे म्हणाले आणि गाडी काढायला गेले. संकटात यांची एवढीच मदत असते.

मी हॉलकडे धावले. पार्टी रंगात आली होती. लिंडा टोकदार टोपी घालून बक्षिसं जाहीर करत होती आणि सजावटीचं पहिलं बक्षीस नेमकं मामंजींना मिळालं होतं. टाळ्या चालू असतानाच मी खुर्चीवर चढले.

"लिंडा, आय नीड द घोस्ट."

"नाऊ?"

"माय सिस्टर-इन-लॉ इज हॅविंग अ बेबी."

"ऑफ कोर्स, डिअर," लिंडा फार सावकाश म्हणाली आणि जवळच्या मुलांना थोडं मागे घेतलं.

गाडीत सासूबाई पुढे, मी आणि ऋचा मागे. मांडीवर पिशवी, पिशवीत भूत. लिंडाकडून मागून घेतलेली नेलपॉलिश रिमूव्हरची अख्खी बाटली मी त्या तोंडावर रिकामी करत होते. मार्कर जाईना, नुसता पसरत चालला. डोळे होते त्याच्या दुप्पट झाले.

"कसला गं वास येतोय?" पुढून आवाज आला.

"नेलपॉलिश काढतेय."

"तुझी नणंद तिकडे अडलीय आणि तू नखं करतेस?"

मी आयुष्यात कधी नखं रंगवलेली नाहीत. पण तेव्हा ते तसंच समजू दिलं. दुबई येईपर्यंत सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला ते सोयीचंच होतं.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बाळ झालं होतं. मुलगा, छोटासा, पण आवाज दणदणीत. नर्सने त्याला हॉस्पिटलच्या दुपट्यात गुंडाळलं होतं. "ते हॉस्पिटलचं, ते धरायचं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्यापुढे हात केला. स्मिता पलंगावरून त्या हाताकडेच बघत होती. आता माझ्याकडे एकही थाप उरली नव्हती. मी पिशवी दिली.

सासूबाईंनी धोतर उलगडलं. ते काळे डोळे घेऊन त्यांच्याकडे बघत हसलं.

ऋचा म्हणाली, "आजी, इट्स अ घोस्ट. मम्मी मेड इट. इट वॉन फर्स्ट प्राइझ."

सासूबाईंनी चेहरा नीट निरखला. मग तो बाहेरच्या बाजूला येईल अशी धोतराची घडी घातली, कोरी बाजू आत घेतली आणि दुपट्यासकट बाळाला त्यात गुंडाळलं. बाळ रडायचं थांबलं.

"मामंजी साधारण असेच दिसायचे," त्या म्हणाल्या. "फक्त दात चांगले होते."

स्मिता इतकी हसली, की नर्सने आम्हालाच बाहेर काढलं.

त्या बाळाला आता दाढी आलीय. धोतर स्मिताकडे कपाटात कुलूपबंद असतं. किल्ली घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवलेली असते. ती जागा मला अजून कोणी सांगितलेली नाही.