बुधू मेंगाळ आणि निळ्या डोळ्याची लास्की

मुरबाडकडच्या टोकावड्याला मी गुरांची डॉक्टर म्हणून सहा वर्षं काढली. दवाखान्यात यायच्या त्या म्हशी, बैल, शेळ्या. कुत्र्याला औषधपाणी करावं असं तिकडे कुणाच्या फारसं मनात येत नाही. म्हणून बुधू मेंगाळ पहिल्यांदा आला तो दिवस माझ्या नीट लक्षात आहे. लॉकडाऊन उठल्यानंतरचा हिवाळा होता. अंगात खाकी शर्ट, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, आणि त्याच्या मागे नऊएक वर्षांची मुलगी, काजल.

"म्याडम, येवढं सांगा, ह्यो कुत्रा हाय का लांडगा?"

टॉवेलातून चारएक महिन्यांची, हस्की जातीची कुत्री बाहेर आली. पाठ काळी-करडी, पोट पांढरं, एक डोळा तपकिरी आणि दुसरा लख्ख निळा. कॉलेज सोडल्यावर ती जात मी पहिल्यांदाच बघत होते.

बुधू ठाकूरवाडीतला, पण वाडी सोडून दोन किलोमीटरवरच्या एका फार्महाऊसवर राखणीला होता. मालक डोंबिवलीचे दीपेशभाई. घरात कंटाळलेल्या मुलांसाठी त्यांनी पिल्लू आणलं, दिवाणाचे पाय आणि चपला त्याने फस्त केल्यावर ते इथे आणून ठेवलं. "महिनाभर बघ," म्हणाले. महिन्याने फोन केला, तर म्हणाले, ठेव तिकडेच, तुझ्या पोरीला खेळायला होईल. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं अलास्का. काजलच्या तोंडी त्याचं लास्की झालं.

काजल फार कमी बोलायची. मी विचारलं की ती मान हलवायची. शाळेत पण असंच आहे, बुधू म्हणाला. दोन वर्षांपूर्वी तिची आई, हिरी, डोंगरावर गेली होती ती परत आली नाही. घोणस चावली. त्यानंतर पोरगी अशी झाली. हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत राहिला.

मी पिल्लाला लस टोचली, जंताचं औषध दिलं आणि खरं ते सांगितलं, की ही थंड मुलखातली जात आहे, इथे तिचे हाल होतील. पण आता आलीच आहे, तर जपा. केसांना कात्री लावू नका, ते केसच उन्हापासून वाचवतात. सकाळी उजाडताना आणि ऊन उतरल्यावर फिरवा. दुपारी सावलीत ओलं पोतं टाका. मोकळी सोडू नका, ही पळते ती पळतेच. काजल ऐकत होती. जाताना दारातून वळली आणि पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

"ती दोरी ओढते. मी पडते."

"ओढली की तू जागच्या जागी उभी राहायचं. दोरी सैल पडली की मगच पुढचं पाऊल. रागवायचं नाही, मारायचं नाही."

"नि बोलवायची कशी? नावाला येत नाय."

"एकच आवाज ठरव. रोज तोच. आली की तिला काहीतरी खायला दे. दुसऱ्या कशासाठी तो आवाज वापरायचा नाही."

हे मी सहज सांगितलं. पुस्तकात असतं तसं.

पुढचे काही महिने त्या रस्त्याने जाताना मला त्या दोघी दिसायच्या. मुलीने दोरी कमरेला बांधलेली असायची. कुत्री ओढायची, मुलगी थांबायची. दोरी सैल, एक पाऊल. पुन्हा ओढ, पुन्हा थांबणं. फाट्यापासून फार्महाऊसपर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना तासभर लागायचा. गाडीवरून जाणारे हसायचे, पण पोरगी काही हटली नाही. लास्कीने वाडीतल्या जनाकाकीच्या दोन कोंबड्या मारल्या तेव्हा काजल स्वतः काकीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आठवडाभर तिचं पाणी भरलं. माघ सरता सरता ती कुत्री तिच्या पायाशी चालायला लागली होती. आणि काजल बोलायला लागली होती, कुत्रीशी का होईना. शाळेत काय शिकवलं ते सगळं तिला सांगायची.

मार्चमध्ये बुधू एकटाच आला. बाहेरच्या म्हशी संपेपर्यंत बाकावर बसून राहिला, मग आत येऊन दार लोटलं.

"म्याडम, कुत्रीला कायमची झोपवायची सुई द्या."

"का? चावली कुणाला?"

"नाय."

"आजारी आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. "ती रडते. दिवेलागणीला. वाडीतली म्हनतात, कुत्रं रडलं की मानूस जातं. गेल्या महिन्यात भागीरथीआजी गेली, तवापासून जनाकाकी आमच्या वाटंनं येत नाय."

मी समजावलं. ही जात भुंकत नाही फारशी, लांब सूर काढते, तो तिचा स्वभाव आहे, कुणाच्या जाण्याशी त्याचा संबंध नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ते माला बी कळतं," तो म्हणाला. "मी त्याला भीत नाय. ती हिरीच्या आवाजात रडते."

आमच्याकडे डोंगरात गेलेल्या बायका एकमेकींना हाळी देतात, हे मला ठाऊक होतं. मी किन्हवलीची, आमच्या गावालगतच्या वाडीतही ती ऐकलेली. प्रत्येकीची हाळी वेगळी. लांबून चेहरा दिसत नाही, पण आवाजावरून कळतं, ही अमक्याची सून, ही तमक्याची लेक. बुधू सांगत होता, हिरीची हाळी लांब जायची आणि शेवटी वर चढून तुटायची. दुसऱ्या कुणाची तशी नव्हती.

"मी मोटर बंद कराया नदीवर जातो ना, तवा येतं ते. नि म्याडम, दोन आवाज असत्यात. एक हाक मारते. एक ओ देते. कुत्री तर एकच हाय."

मी सुई दिली नाही. पण त्या दोन आवाजांचं कोडं मला घरी जाईपर्यंत सुटेना.

त्याच आठवड्यात पलीकडच्या पाड्यावर लाळ्या-खुरकताच्या लसी संपवून मी संध्याकाळी फार्महाऊसवर गेले. फाटकालगत त्यांची एक खोली. बुधू मला बघून चपापला, पाणी दिलं, मग वेळ झाली म्हणून नदीवर गेला. मी पायरीवर बसले. सूर्य डोंगराच्या आड गेला होता. कंपाउंडच्या आत लास्की मोकळी होती, जांभळीखाली खणलेल्या खड्ड्यात पोट टेकून पडलेली.

बाप दिसेनासा झाला तशी दाराशी बसलेली काजल उठली. परकराच्या खिशात सुके बोंबील भरले, आणि आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, तारेच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. पाठीमागे डोंगर. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले.

तो आवाज त्या एवढ्याशा मुलीतून निघाला यावर माझा विश्वास बसेना. तो आवाज बाईमाणसाचा होता. लांब गेला, डोंगराला लागला, शेवटी वर चढला आणि तुटला. लास्की खड्ड्यातून उठली, तोंड वर केलं आणि तसाच, अगदी तसाच सूर काढला. वर चढून तुटणारा. मग ती धावत सुटली. काजलने खाली बसून तिला बोंबील दिला, मान खाजवली. परत लांब गेली, परत हात तोंडाशी.

ही हिरीची हाळी, हे मला लगेच कळलं. मी हिरीला कधी बघितलंसुद्धा नव्हतं.

काजल जवळ आली तेव्हा मी विचारलं, "हा आवाज कुणी शिकवला?"

"तुमीच सांगितलं ना, एकच ठरव. मी शिट्टी केली, थाळी वाजवली, नाव घेतलं. ती येतच नव्हती. मग मी आयवानी हाळी दिली. पयल्या हाकंलाच आली."

"बाला का नाही सांगितलंस?"

ती कुत्रीच्या कानामागचा केस ओढत राहिली.

फाटक वाजलं. बुधू नदीवरून धावत आला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्याने लांबून शेवटची हाक ऐकली होती आणि मुलीचे हात तोंडापासून खाली येताना पाहिले होते.

"तू व्हतीस?" तो म्हणाला. "गो, ती तू व्हतीस?"

काजलने होकारार्थी मान हलवली. मला वाटलं तो हुश्श करेल, भुताचं नव्हतं म्हणून हसेल. तो तिथेच फाटकाला पाठ लावून खाली बसला. मग सांगायला लागला, मला की मुलीला ते त्यालाही ठाऊक नसावं.

त्या दिवशी सकाळी नवराबायकोचं वाजलं होतं. हिरीला काजलला आश्रमशाळेत घालायचं होतं, शिकू दे म्हणत होती. हा म्हणाला, सात वर्षांची पोर लांब धाडायची नाय. शब्दाला शब्द लागला. ती भाकरी न खाता गवताला गेली. दिवस कलता कलता डोंगरावरून हाळी आली. बुधू कूड लिंपत बसला होता. त्याने ऐकलं. ती निघताना हाळी द्यायची आणि हा खालून ओ द्यायचा, ही त्यांची लग्नापासूनची रीत होती. त्या दिवशी त्याने ओ दिली नाही. येऊ दे गप, म्हणाला मनात. दुसरी हाळी आली. तिसरी आली, ती शेवटी वर चढली नाही. अंधार पडल्यावर माणसं बॅटऱ्या घेऊन वर गेली, तेव्हा ती गवताच्या भाऱ्याला टेकून बसलेली सापडली.

"सगळ्यांनी इचारलं, हाक नाय मारली तिनं? मी बोललो, नाय मारली." बुधू म्हणाला. "म्हनून मी वाडी सोडली. त्या घरात बसवंना. नि तिची हाळी हितं बी आली."

काजल अगदी हळू बोलली.

"मी बी आयकली व्हती."

बुधूने मान वर केली.

"मी उंबऱ्यात व्हते. मी बोलले, बा, आय हाळी देते. तुमी बोललात, कोल्हा हाय."

त्या मुलीला दोन वर्षं ते ठाऊक होतं. सात वर्षांची असताना तिने बापाचा खोटेपणा पोटात ठेवला होता आणि त्याच्याबरोबर आपला आवाजही. कारण ओ तर तिलाही देता आली असती. हे तिने मला नंतर कधीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "लास्की तरी आली ना त्या हाकंला."

बुधू रडला. मोठ्याने, लाज सोडून. कुत्री त्याच्याजवळ गेली, त्याच्या पायावरचा चिखल हुंगला आणि परत येऊन काजलशेजारी बसली. मुलगी जागची उठली नाही, बापाला जवळही घेतलं नाही. मी गाडी काढली तेव्हा ते तिघं तसेच बसले होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर.

पुढे बुधूने वाडीत जाऊन हिरीच्या भावाला सगळं खरं सांगितलं. मेहुण्याने तोंडावर दार लावून घेतलं, ते आजही उघडलेलं नाही. कुत्री कशाने सूर काढते ते कळल्यावर जनाकाकी मात्र परत त्यांच्या वाटेने यायला लागली. जूनमध्ये बुधू काजलला घेऊन आश्रमशाळेत गेला आणि तिचं नाव घातलं. जाण्याआधी आठ दिवस काजल बापाला शिकवत होती, दोरी कशी धरायची, कुठे थांबायचं, केस कसे विंचरायचे. हाक तेवढी तिने शिकवली नाही आणि त्याने मागितली नाही.

माझी बदली शहापूरकडे झाली. गेल्या वर्षी मुरबाडच्या बाजारात बुधू भेटला. गुरांसाठीचा तारेचा ब्रश शोधत होता, लास्कीचे केस गळतात म्हणून. मी विचारलं, काजल नाही तर कुत्री कशी राहते? गप असते, म्हणाला. पोरगी गेल्यापासून एकदाही सूर काढला नाही.

"मग आता तुम्हाला शांत वाटत असेल."

तो हसला नाही. ब्रश उलटसुलट करून बघत म्हणाला, "हाळी येते म्याडम. कुत्री खड्ड्यात निजलेली असते, पोरगी तिकडं शाळंत. तरी येते. रोज नाय. गवत कापायचे दिस आले की येते."

"घाबरता?"

"पयलं घाबरायचो. आता ओ देतो."

मग त्याने ब्रशाच्या तारा बोटाने दाबून बघितल्या आणि मला विचारलं, ह्याने कातडी तर सोलवटायची नाही ना. मी दुसरा, मऊ दातांचा काढून दिला. त्याला टोकावड्याची एसटी गाठायची होती. दिवाळीच्या सुट्टीला काजल येणार होती, नववीत गेली होती, आणि ती येण्याआधी लास्कीला दोनदा आंघोळ घालायची होती, कारण पोरगी आल्या आल्या आधी कुत्रीचे कान तपासते, मग घरात पाऊल टाकते, आणि बापाशी बोलायला तिला अजूनही दुसरा दिवस उजाडावा लागतो.