मंगलनं गणित ठेवलं

मंगलच्या अश्विनीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर नववीच्या चाचणीचे पेपर होते. "बाई, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, किती वाजता. मग विचारलं, दवाखान्याचे कागद झाले का, गाडी ठरली का, मिरजेहून निघायला किती वेळ लागेल. तिनं एकेकाचं उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मी हातातला पेपर पुरा तपासला, त्यावर गुण लिहिले आणि मग मुख्याध्यापिकांना सांगायला गेले. मंगल आमच्या शाळेत शिपाई होती. इस्लामपूरच्या या मुलींच्या शाळेत मी चोवीस वर्षं गणित शिकवते, त्यातली शेवटची बारा वर्षं ती होती. तिचा नवरा इथंच शिपाई होता. तो हृदयविकारानं गेला आणि त्याच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर तिला घेतलं. मुली तिला मावशी म्हणायच्या. शाळेनं त्या दिवशी शेवटचे दोन तास सोडून दिले. मुलींना काय झालंय ते सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हणाली, "पण मावशी तर पास झाल्या होत्या ना?" पास झालेला माणूस मरत नाही असं तिला वाटत असावं. मी तिला खाली बसायला सांगितलं.

मंगल दहावीला बसली, याला कारण आमची प्रयोगशाळा. तिथले परिचर मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांची जागा शाळेतल्या शिपायांतून भरायची तर दहावी पास हवी. सेवाज्येष्ठतेत मंगलचा नंबर पहिला, पण ती दहावी नापास. झाडलोट, पाण्याच्या टाक्या, मुलींची स्वच्छतागृहं, यातून सुटायची ती एकच वाट होती. तिचे गुडघे दुखायचे, वय सेहेचाळीस, म्हणजे अजून बारा-चौदा वर्षं तेच करायचं होतं. वर्षभर आधीच, जूनमध्ये, मी तिच्यासाठी मुक्त विद्यालयाची सगळी माहिती काढली. तिथं पाच विषय घ्यायचे असतात आणि गणित घेतलंच पाहिजे असं नाही. मी परिचराच्या पदाचे नियमही वाचून आले होते. त्यात नुसतं 'दहावी उत्तीर्ण' होतं, कोणत्या विषयात ते नव्हतं. तिला म्हटलं, "गणित सोड. त्याच्या जागी गृहविज्ञान घे. डोळे मिटून पास होशील." गणिताची शिक्षिका असून मी हे सांगत होते, कारण तेच शहाणपणाचं होतं. ते आजही शहाणपणाचंच वाटतं.

मंगल झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "गृहविज्ञान? आवं बाई, त्ये तर मी सोळाव्या वर्षापासनं करतीया. त्येचा आनि पेपर देऊ व्हय?"

"मग फुकटचे गुण आहेत की."

"फुकटचं नगं मला."

मग तिनं सांगितलं. तिचं माहेर उंब्रजच्या पलीकडचं, उसाचं रान, दोन चुलते फौजेत. दहावीला ती सगळ्यात पास आणि गणितात चार गुणांनी गेली. वडील म्हणाले होते, पुढच्या खेपेला परत बस. पण महिन्याभरात इस्लामपूरचं स्थळ आलं आणि घरातली बाकीची माणसं म्हणाली, गणितात गेलीय, आता शाळेचं काय राहिलंय. दिवाळीनंतर लग्न झालं. "चार मार्कानं माज्या बापाचं घर सुटलं," ती म्हणाली. "ज्येनं मला भायेर काढलं त्येलाच सोडून पास झाले, तर पास झाल्यावानी वाटंल का मला?"

मी म्हटलं, "वाटण्याचा पगार मिळत नाही."

"तुमचा हिशोब बराबर हाय. पर पेपर माजा हाय."

तिनं अर्जात गणित ठेवलं, आणि मी तिला शिकवायचं कबूल केलं.

शाळा पाच वाजता सुटली की मंगल सगळे वर्ग बंद करून प्रयोगशाळेत यायची आणि सहा वाजेपर्यंत आम्ही बसायचो. वही तिला आवडायची नाही. प्रयोगशाळेतल्या कडप्पाच्या ओट्यावर ती खडूनं गणितं सोडवायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. म्हणायची, "वहीत चूक ऱ्हाती. हितं पुसली की गेली." परीक्षेत पुसता येणार नाही, म्हणून नोव्हेंबरपासून मी जबरदस्तीनं तिला वही करायला लावली. सुरुवातीला मी समजत होते की दहावीचं गणित शिकवायचं आहे. आठवडाभरात कळलं की तिचं पाचवीपासूनचंच राहिलंय. अपूर्णांक येत नव्हते आणि ऋण संख्यांशी तर तिचं भांडणच होतं. वजा गुणिले वजा अधिक, हे तिला पटेना. "दोन वाईट येकत्र आल्यावर चांगलं कसं हुईल बाई? आमच्या भावकीत तर कवा झालं न्हाई." मला हसू आलं आणि समजावून सांगताही येईना. इतक्या वर्षांत तो नियम मी फळ्यावर लिहून पुढे गेले होते, कुणी अडवलं नव्हतं. शेवटी मी कर्ज आणि कर्जमाफी असं काहीतरी उदाहरण दिलं. ती म्हणाली, "माफी कुनाला मिळालीया त्ये दाखवा, मग पटंल." पण नियम तिनं पाठ केला, आणि पुन्हा कधी चुकवला नाही.

शिक्षकांच्या खोलीत थट्टा व्हायची. एक सर चहा घेताना म्हणायचे, "मंगल, परिचर झाल्यावर आम्हाला चहा कोण देणार गं?" ती म्हणायची, "तुमी. तवा मी बसून पिनार." मुलींना कळल्यावर त्या खिडकीतून डोकवायच्या. मंगल खडू उगारायची. "हसताय काय गं? तुमच्याबी मानगुटीवर ह्येच भूत बसनार हाय." नववीतल्या दोघी-तिघींनी तर गणित कठीण जातंय म्हणून तिच्याशेजारी बसायला सुरुवात केली, आणि पुढं त्या अपूर्णांक तिच्याकडूनच शिकल्या. मी त्यांना सांगितलं असतं तर त्या ऐकून विसरल्या असत्या. मंगल नुकतीच त्याच खड्ड्यातून वर आली होती, त्यामुळे पाय कुठं ठेवायचा ते तिला नीट ठाऊक होतं. दिवाळीनंतर तिची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. वर्गसमीकरणं सुटायला लागली. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता, हे मान्य करते. मुख्याध्यापिकांपुढे मी म्हणाले होते, "बघा, मी हिला साठपर्यंत नेते की नाही." 'मी नेते' म्हणाले, 'ती जाईल' असं नाही.

जानेवारीत परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. त्यात विषय शेवटचे पक्के करायचे, म्हणजे तोवर बदलता येत होते. मुदत संपायला दोन दिवस होते. आमचा तास संपला होता, मी बेसिनपाशी हातावरचा खडू धूत होते. मंगल मागं उभी होती. म्हणाली, "बाई... सोडू का गणित? त्ये गृहविज्ञान घेते."

मी नळ बंद न करताच म्हणाले, "आता? सात महिने बसलीस आणि आता सोडतेस? मग मी इतके दिवस काय केलं?"

ती म्हणाली, "बरं, न्हाई सोडत. तुमी रागावू नगा."

मी म्हणाले, "रागवायचं काय त्यात," आणि पर्स घेऊन निघाले. हे सगळं मिनिटभरात झालं. तिचा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही. आठवतो म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हा मला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून घाबरलीय. घाबरलेल्या मुलांना मी दर वर्षी असंच दटावते आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. दुसऱ्या दिवशी फॉर्मवर गणित लिहून तिनं तो माझ्यापुढे ठेवला, मी तपासला, स्पेलिंगची एक चूक दुरुस्त करायला लावली. त्यानंतर ती एक दिवसही चुकली नाही. फेब्रुवारीत तिला बारीक ताप असायचा. मी म्हणाले, क्रोसिन घे. तिनं घेतली असणार.

मार्चमध्ये सगळे पेपर झाले. गणिताचा पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, "सगळं लिवलं बाई. बराबर किती त्ये देवाला ठावं." एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'दवाखाना'. अश्विनी, तिची एकुलती मुलगी, शिरवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. ती सुट्टी काढून आली आणि आईला मिरजेला घेऊन गेली. छातीत गाठ होती. काखेतही गेली होती, आणि पुढंही. ऑपरेशन करून उपयोग नाही म्हणाले, केमो सुरू केली. मी दर रविवारी जायचे. सकाळी एसटीनं जाऊन दुपारी परत. मोसंबी, पातळ भाताचा डबा, आणि शाळेतल्या गप्पा. ती बरी होणार नाही हे तिसऱ्या रविवारी मला कळलं होतं. तिला त्याच्याही आधी कळलं असणार.

जूनमध्ये निकाल लागला. मंगल पास झाली होती. मी मोबाईलवर गुण बघून सरळ मिरजेला गेले. तिच्या डोक्यावर केस राहिले नव्हते, स्कार्फ बांधलेला होता. मी म्हणाले, "मंगल, पास. गणितात एकोणचाळीस."

ती म्हणाली, "येकोनचाळीस? लय कमी दिल्यात. ती वर्तुळाची दोन्ही गणितं मी बराबर लिवली हुती." आणि दम लागेपर्यंत मला त्या गणिताच्या पायऱ्या सांगत राहिली. पहिलं बरोबर होतं. दुसऱ्यात तिनं त्रिज्येच्या जागी व्यास धरला होता. मी म्हणाले, दोन्ही बरोबर आहेत, तपासणाऱ्यानं घाई केली असेल. चोवीस वर्षांत चुकीच्या गणिताला मी बरोबर म्हटलेलं ते एकच. जाताना ती म्हणाली, "तुमी नगं म्हनला त्ये बरं झालं बगा. न्हाईतर सोडलंच असतं." मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. मुख्याध्यापिकांनी परिचराची जागा तिच्यासाठी थांबवून ठेवली होती. तिच्या नावाचा आदेश जुलैत निघाला. ती त्या खुर्चीवर एक दिवसही बसली नाही. ऑगस्टमध्ये गेली.

तेराव्याला मी गेले होते. जेवणं उरकली, माणसं पांगली, अश्विनी भांडी विसळत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून पुसायला लागले. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, आईनं तुम्हाला विचारलं होतं ना, गणित सोडू का म्हणून?"

"हो. जानेवारीत."

"तुम्ही काय म्हणाला?"

"नको म्हणाले."

तिनं पातेलं उपडं घातलं. "तिला गाठ नोव्हेंबरात लागली होती. मला म्हणाली नाही. नंतर सांगितलं, दवाखान्यात. म्हणाली, बाकीचं काय, ते दवाखान्यात बसूनसुद्धा वाचता येतं, गणित बाईंच्याशिवाय येत नाही. गणित सोडलं असतं तर जानेवारीतच मिरजेला जाऊन दाखवणार होती."

मी पुढचं पातेलं पुसायला घेतलं. म्हणण्यासारखं जे होतं, की मला माहीत नव्हतं, ते तिलाही माहीत होतं.

नंतर मी डॉक्टरांना गाठून स्पष्ट विचारलं, तीन महिने आधी दाखवलं असतं तर फरक पडला असता का. ते म्हणाले, सांगता येत नाही. पडला असता असं म्हणाले नाहीत, नसता असंही नाही. मी ते उत्तर आहे तसं घेतलंय. त्यातून स्वतःला सोपं पडेल असं काही काढायचं नाही आणि उगीच ऊर बडवून घ्यायचा नाही. एवढंच खरं आहे की भूमितीची सिद्धता लिहिताना प्रत्येक विधानापुढे कारण लिहा म्हणून मी मुलींच्या मागे लागते, कारण नसेल तर गुण कापते, आणि त्या दिवशी जी बाई सात महिने चिवटपणे गणिताला धरून बसली होती तीच अचानक सोडू का म्हणाली, तेव्हा तिला मी कारण विचारलं नाही. पहिल्यांदा मी सोड म्हणाले ते तिच्या भल्यासाठी होतं. दुसऱ्यांदा सोडू नको म्हणाले ते माझ्यासाठी होतं.

गेल्या आठवड्यात अश्विनी शाळेत आली. आईच्या फंडाचे कागद होते, सह्या करायच्या होत्या. सगळं झाल्यावर तिनं पिशवीतून गुणपत्रिका काढली. मूळ प्रत होती, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "ही तुम्ही ठेवा."

मी म्हणाले, "अगं, ही तुझ्या घरी असायला हवी." ती उठली होती. या वेळी मी विचारलं, "का?"

अश्विनी दारात थांबली. "मला घरात नको ती," म्हणाली, आणि शिरवळची गाडी चुकेल म्हणून गेली.

गुणपत्रिका माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. खडू घ्यायला तो खण दिवसातून चार-पाच वेळा उघडावा लागतो. वर मंगलचं पूर्ण नाव आहे, वडिलांकडचं, कारण अर्जात तिनं तेच लिहिलं होतं.