वंदनाची रांग

परवा महापालिकेच्या मतदानाला शाळेत शिरले, तर ओल्या फिनेलचा वास आला आणि वंदना आठवली.

वंदना माझी कॉलेजातली मैत्रीण, घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत राहणारी. अशाच एका निवडणुकीत आम्ही दोघींनी घरोघरी फिरून वस्तीतली पोरं पहिल्या मतदानाला आणली होती. शाळेच्या दारात आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले, "वस्तीवाले मागे थांबा. आधी बिल्डिंगवाले." पोरं बिचकली. दोघं-तिघं परत फिरली.

वंदना त्यांना आडवी गेली. "कुठे चाललात रे? त्यांचं एक मत म्हणजे काय दोन मतं आहेत?" मग काकांना शांतपणे म्हणाली, "तुम्ही आधी आलात ना काका, तुम्ही पुढे. पण तुमच्या मागे आम्हीच."

पोरं रांगेत परतली. मी बिल्डिंगमधली, त्यांच्यातच जाऊन उभी राहिले. ऊन रणरणत होतं आणि वंदना सगळ्यांना हसवत होती. असे दिवस येतच राहणार, असं तेव्हा वाटलं होतं.

वंदना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा रांग एकच होती, कुणी कुणाला मागे सारलं नाही. तरी मी सारखी टेकडीच्या रस्त्याकडे बघत होते, कुणी हाका मारत उतरतंय का म्हणून.