बोल्ट्याची गोळी

गोटीराम गांगुर्डे मूळचे हरसूलकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तयार माल तपासायचं काम केलं. केसभर फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त झाल्यावर कारखान्याच्या फाटकाशी सापडलेलं एक तांबूस कुत्रं त्यांनी घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं बोल्ट्या.

एका सकाळी चष्मा काही हाताला लागेना. फ्रिजवर चाचपडत त्यांनी पाकीट उचललं, गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. जरा दांडगीच लागली. मग चष्मा सापडला, तर पाकिटावर कुत्र्याचं चित्र! बोल्ट्याची जंताची गोळी पोटात गेली होती आणि त्यांची ब्लडप्रेशरची तशीच पडून होती.

सून सायली पोळ्या लाटत होती. सांगावं तर ही महिनाभर हसणार. गप्पच बसावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण कारखान्यात खराब माल पुढे गेला, की तेच धावत जाऊन मशीन थांबवायला लावत. चूक लपवणाऱ्यांवर त्यांचा भारी राग.

"सायली, घोटाळा झाला बघ. बोल्ट्याची गोळी मी खाल्ली. घशात बोटं घालून काढू का?"

सायलीने लाटणं टाकलं. "अजिबात नाही, बाबा! आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांनी फोनवरच गोळीचं नाव, ताकद, वेळ, वजन, चालू औषधं, सगळं विचारून घेतलं. "उलटी काढू नका. पाकीट घेऊन लगेच या. ब्लडप्रेशरची गोळी मी सांगेपर्यंत थांबवा."

दवाखान्यात त्यांना तपासून डॉक्टर प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोलले. "एकच गोळी आहे, घाबरू नका. पण दोन तास इथंच बसा. मळमळलं, गरगरलं तर सांगा."

बाकावर शेजारच्या फुलाबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"कुत्र्याचं औषध खाल्लं," गोटीराम सरळ म्हणाले.

सगळा दवाखाना हसला. फुलाबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "आमच्या मालकांनी शेळीचं टॉनिक आठवडाभर पिलं. कुणाला बोलले नाहीत. बाटली संपली तेव्हा कळलं!"

मग गोटीरामही पोट धरून हसले.

दुपारी डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. संध्याकाळी सायलीने बोल्ट्याला पोळीच्या तुकड्यात गोळी दिली. त्याने पोळी खाल्ली आणि गोळी बाहेर थुंकली. तीनदा.

"बघ," गोटीराम म्हणाले, "आणि मी एका घोटात गिळली!"